विमानाचा मुक्काम कोठे? हँगर, हब आणि रोजगाराचे गणित

कुंभारी (जि. सोलापूर) : सोलापूरहून अक्कलकोटकडे निघाले, की काही किलोमीटरवर कुंभारी लागते. विडी कामगार महिलांसाठी उभ्या राहिलेल्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीमुळे हे गाव महाराष्ट्राला परिचित झाले. १९ जानेवारी २०२४ रोजी याच गावाच्या शिवारातील रे नगर प्रकल्पात १५ हजार घरे यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, वाहनचालक अशा असंघटित कष्टकऱ्यांच्या हाती देण्यात आली. सोलापुरात हातांना काम देणारे उद्योग होते, म्हणून ही माणसे येथे राहिली आणि त्यांच्यासाठी घरे बांधावी लागली. आता त्या घरांतील मुले शिकू लागली आहेत आणि माग व विडी यांच्यापलीकडचे काम शोधू लागली आहेत.

याच सुमारास सोलापूरला विमान आले. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. त्यानंतर होटगी रस्त्यावरील विमानतळाची सुधारणा झाली आणि ९ जून २०२५ रोजी 'फ्लाय ९१' कंपनीची गोव्याची सेवा सुरू झाली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी 'स्टार एअर'ने मुंबईची सेवा सुरू केली. अनेक वर्षांची मागणी अशा रीतीने मार्गी लागली.

तथापि, विमानसेवा मिळणे आणि विमान उद्योग मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'फ्लाय ९१'चा मुख्य तळ गोव्यात मोपा येथे आहे. 'स्टार एअर' ही कोल्हापूरच्या संजय घोडावत उद्योगसमूहाची कंपनी. परंतु तिचा मुख्य तळ बंगळुरूला आहे. विमान सोलापुरात उतरते, प्रवासी चढतात-उतरतात आणि विमान निघून जाते. त्याची मोठी तपासणी, सुटे भाग बदलणे, त्यासाठी लागणारे अभियंते आणि तंत्रज्ञ हे सारे तळाच्या गावी असते. विमान कोठे उतरते यापेक्षा ते मुक्कामाला कोठे जाते, यावर या व्यवसायातील रोजगार ठरतो. ही गोष्ट सोलापूरपुरती नाही. गेल्या दोन दशकांत भारतीय विमान कंपन्यांनी परदेशात थाटलेली 'हब' का मोडली आणि नागपूरच्या मिहानमधील हँगर उभे राहायला दहा वर्षे का लागली, या प्रश्नांची उत्तरेही येथेच सापडतात.

हँगरमध्ये काय चालते?

विमानाच्या देखभाल-दुरुस्तीच्या व्यवसायाला जगभर 'एमआरओ' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. देखभाल, दुरुस्ती आणि संपूर्ण नूतनीकरण ही तिन्ही कामे त्यात येतात. मोटार बिघडली की गॅरेजमध्ये न्यायची, तसे विमानाचे नसते. विमान बिघडण्याची वाट पाहिली जात नाही. किती तास उडाले, किती वेळा उतरले आणि किती महिने लोटले, या तीन हिशेबांवर प्रत्येक तपासणीची वेळ आधीच ठरलेली असते.

पहिली पायरी म्हणजे रोजची देखभाल. दोन उड्डाणांच्या मध्ये किंवा रात्रीच्या मुक्कामात टायर, ब्रेक, तेलाची पातळी, दिवे, वैमानिकाने नोंदविलेल्या तक्रारी तपासल्या जातात. त्यासाठी हँगर लागत नाही. मात्र अधिकृत परवाना असलेला अभियंता, हत्यारे आणि नेहमी लागणाऱ्या भागांचा साठा लागतो. दुसरी पायरी 'ए चेक'. ती काहीशे उड्डाण-तासांनंतर येते आणि बहुधा एका रात्रीत उरकते. तिसरी 'सी चेक'. साधारण दीड ते दोन वर्षांनी येणाऱ्या या तपासणीत विमान एक ते काही आठवडे हँगरमध्ये उभे राहते. फळ्या, खुर्च्या, आतील आवरणे काढली जातात आणि सांगाड्याला कोठे गंज किंवा चीर आहे का, हे पाहिले जाते. सर्वांत मोठी तपासणी साधारण सहा ते बारा वर्षांनी येते. तीत विमान जवळजवळ पूर्ण उघडले जाते, रंगही खरवडून काढला जातो आणि हजारो मनुष्यतास खर्ची पडतात.

इंजिन हा याहून निराळा विषय आहे. इंजिन पंखाखालून उतरवून वेगळ्या कार्यशाळेत पाठवले जाते. दुरुस्तीनंतर ते परीक्षण कक्षात पूर्ण ताकदीने चालवून पाहावे लागते आणि मगच पुन्हा बसवता येते. अशी कार्यशाळा आणि परीक्षण कक्ष उभारणे अतिशय खर्चाचे असते.

हे काम यंत्रांवर होत असले तरी ते माणसांचे काम आहे. विमान पुन्हा उडण्यास योग्य आहे, या प्रमाणपत्रावर परवानाधारक अभियंत्याची सही लागते. भारतात हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे 'डीजीसीए' देते. देखभाल करणाऱ्या संस्थेलाही स्वतंत्र मान्यता लागते. परदेशी कंपनीचे विमान हाती घ्यायचे असेल, तर त्या देशाच्या नियामकाचीही मान्यता मिळवावी लागते. म्हणूनच हँगर बांधला की दुसऱ्या दिवशी काम सुरू होते, असे घडत नाही. इमारत एका-दोन वर्षांत उभी राहते. मनुष्यबळ आणि मान्यता यांना बराच अधिक काळ लागतो.

जुहूची झोपडी, सांताक्रूझचे हँगर

महाराष्ट्राला हा व्यवसाय नवा नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन 'पस मॉथ' विमान मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरवले. त्या वेळी या सेवेच्या दिमतीला झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मदतनीस होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडत असे. तेव्हा टाटांची विमाने पावसाळ्यापुरती पुण्याला हलत. विमानाचा तळ हवामानावर आणि जमिनीवर ठरतो, हा धडा पहिल्याच वर्षांत मिळाला होता.

८ जून १९४८ रोजी 'एअर इंडिया इंटरनॅशनल'चे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जीनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आणि १९७१ मध्ये बोइंग ७४७ ही जेट विमाने आली. विमाने जसजशी वाढली, तसतसे सांताक्रूझ-कलिना परिसरातील जुन्या विमानतळावर हँगर, इंजिन कार्यशाळा आणि सुट्या भागांची भांडारे वाढत गेली. मुंबई हा एअर इंडियाचा केवळ उतरण्याचा थांबा नव्हता. ती तिची कार्यशाळा होती. तंत्रज्ञ, अभियंते, सुतार, रंगारी, भांडारपाल अशा हजारो कुटुंबांचा संसार तिच्यावर चालला आणि कलिना येथे त्यांच्या वसाहती वसल्या. २०२२ मधील खासगीकरणानंतर त्या वसाहती रिकाम्या करण्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तळ हलला किंवा मालक बदलला, की त्याची झळ प्रथम घरांना लागते, हे त्यातून दिसले.

हब म्हणजे काय? नागपूरची मध्यरात्र

'हब' या शब्दाचा मूळ अर्थ चाकाचा तुंबा. चाकाचे आरे जसे तुंब्यात येऊन मिळतात, तशी अनेक शहरांची विमाने एका विमानतळावर ठरावीक वेळी एकत्र येतात, प्रवासी आणि माल यांची अदलाबदल होते आणि विमाने पुन्हा निरनिराळ्या दिशांना जातात. दहा शहरे एकमेकांना थेट जोडायची असतील, तर पंचेचाळीस मार्ग लागतात. त्यांतील एक शहर मध्यवर्ती ठरवले, तर नऊ मार्गांत काम भागते. हब पद्धतीचे सारे अर्थशास्त्र या एका हिशेबात आहे.

हा प्रयोग भारतात फार पूर्वी झाला आणि तो महाराष्ट्रात झाला, हे आज अनेकांना ठाऊक नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भेटत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरांत परत पोहोचत. अमेरिकेत 'फेडरल एक्स्प्रेस' या कुरियर कंपनीने मेम्फिस शहरात रात्रीच्या अदलाबदलीचे केंद्र चालवून जगभर नाव कमावले, ते १७ एप्रिल १९७३ पासून. नागपूरने तेच काम २४ वर्षे आधी केले होते. मात्र तेथे विमाने भेटत आणि निघून जात. त्यांची मोठी दुरुस्ती आपापल्या तळावर होई. सत्तरच्या दशकात ही सेवा संपली, तेव्हा नागपूरच्या हाती आठवणींखेरीज फारसे काही उरले नाही.

ब्रसेल्स आणि फ्रँकफर्ट : परक्या अंगणातील मांडव

ऑगस्ट २००७ मध्ये मुंबईच्या विमानतळावर दोन भिन्न धोरणे चार दिवसांच्या अंतराने सुरू झाली. १ ऑगस्टला एअर इंडियाने बोइंग ७७७-२०० एलआर विमानाने मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू केली. ५ ऑगस्टला जेट एअरवेजने मुंबईहून ब्रसेल्समार्गे नेवार्क ही सेवा सुरू केली. जेटची कल्पना अशी, की मुंबई, दिल्ली आणि चेन्नईहून निघालेली विमाने सकाळी बेल्जियमच्या राजधानीत एकत्र यावीत, प्रवाशांनी तेथे गरजेप्रमाणे विमान बदलावे आणि पुढे नेवार्क, न्यूयॉर्क किंवा टोरंटो गाठावे. तीन भारतीय शहरे आणि उत्तर अमेरिकेतील तीन विमानतळ मिळून नऊ जोड्या तीन विमानसेवांत बसत होत्या.

अशा सेवेसाठी 'पाचवे हवाई स्वातंत्र्य' लागते. भारतीय कंपनीने बेल्जियममध्ये प्रवासी चढवून त्यांना अमेरिकेत न्यायचे, तर त्याला संबंधित देशांची संमती हवी. जेटला ती मिळाली. प्रवाशांनाही सेवा आवडली. खर्चाचे गणित मात्र वेगळे होते. परदेशी हबमध्ये उतरण्याचे शुल्क, सामान हाताळणी, कर्मचाऱ्यांचे हॉटेल, अभियंत्यांच्या पाळ्या, सुट्या भागांचे वेगळे भांडार हे सारे युरोपीय दरांनी विकत घ्यावे लागते. तीन विमाने एकाच वेळी तेथे असतात आणि त्यांतील एकात बिघाड झाला, तर तीन शहरांकडे निघालेले प्रवासी अडकतात. पर्यायी विमान दूर मुंबईत असते. स्वतःच्या हबमध्ये विमान दिवसाकाठी काही तास उभे राहिले, तर ते तास स्वतःच्या हँगरमध्ये सत्कारणी लागतात. परक्या हबमध्ये तेच तास भाडे देऊन उभे राहण्यात जातात.

एअर इंडियानेही नंतर हाच मार्ग धरला. १ मार्च २००९ पासून फ्रँकफर्ट हे अमेरिकेकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी तिचे केंद्र झाले. खर्च परवडेना म्हणून ३० ऑक्टोबर २०१० रोजी ते बंद करण्यात आले. त्याच वर्षी दिल्लीचे तिसरे टर्मिनल सुरू झाले होते आणि कंपनीने मुख्य केंद्र मुंबईहून दिल्लीला नेण्याचे धोरण स्वीकारले. लांब पल्ल्याची आठपैकी पाच ७७७-२०० एलआर विमाने पुढे अबुधाबीच्या इतिहाद कंपनीला विकण्यात आली.

जेटने २७ मार्च २०१६ रोजी ब्रसेल्सचे केंद्र ॲमस्टरडॅमला हलवले. कारण तेथे केएलएम आणि डेल्टा या भागीदारांच्या पुढील सेवा मिळत होत्या. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची सारी उड्डाणे थांबली. तिच्या बंद पडण्यामागे कर्ज, इंधनाचे दर, स्वस्त सेवांची स्पर्धा अशी अनेक कारणे होती; परदेशी हब हे त्यांतील एक मानावे लागेल, एकमेव नव्हे. मुंबईत मात्र हजारो कर्मचाऱ्यांची कामे एका रात्रीत गेली.

आखाताने काय केले?

भारतीय कंपन्या युरोपात परके हब चालवण्याचा प्रयत्न करीत होत्या, तेव्हा आखातातील कंपन्या स्वतःच्या घरी हब वाढवीत होत्या. दुबईच्या एमिरेट्स कंपनीने २५ ऑक्टोबर १९८५ रोजी पहिले उड्डाण केले. तिच्या पहिल्या मार्गांत कराचीबरोबर मुंबई आणि दिल्ली ही शहरे होती. दुबईचे भौगोलिक स्थान मुंबईपेक्षा अलौकिक नाही. मुंबईहून ते तीन तासांच्या अंतरावर आहे. फरक पडला तो घरच्या हबमध्ये. विमानतळ, कंपनी, हँगर, इंजिन कार्यशाळा, प्रशिक्षण संस्था यांचे नियोजन तेथे एकत्रितपणे झाले. भारतातून निघालेला प्रवासी दुबईत विमान बदलू लागला, तसे त्याच्या प्रवासाशी निगडित कामही दुबईत राहू लागले.

नोव्हेंबर २०१३ मध्ये इतिहादने जेटमधील २४ टक्के भागभांडवल घेतले. त्याच वर्षी भारत आणि अबुधाबी यांच्यातील करारानुसार दर आठवड्याची आसनसंख्या १३ हजार ३३० वरून टप्प्याटप्प्याने ५० हजारांवर नेण्याचे ठरले. प्रवाशांना त्याचा फायदा झाला, हे नाकारता येणार नाही. पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना अमेरिकेतील मुलांकडे जाण्यासाठी अधिक पर्याय मिळाले. परंतु त्या तिकिटांतून उभा राहिलेला तांत्रिक रोजगार अबुधाबी आणि दुबईत वाढला.

भारतीय विमानेही मोठ्या दुरुस्तीसाठी सिंगापूर, श्रीलंका, संयुक्त अरब अमिरातीकडे जात राहिली. दुरुस्तीसाठी जाणारे विमान रिकामे जाते आणि रिकामे येते. त्या फेरीचे इंधन आणि बुडालेले उत्पन्न दोन्ही खर्चात धरावे लागतात. यात राजनैतिक जोखीमही असते. मे २०२५ मध्ये भारत-तुर्कस्तान संबंध ताणले गेल्यानंतर एअर इंडियाने आपली मोठी विमाने 'तुर्किश टेक्निक' या कंपनीकडे पाठविण्याऐवजी अन्य पर्याय शोधण्याचे ठरवले.

दुसरीकडे थेट सेवांचे धोरण पुन्हा डोके वर काढीत आहे. जुलै २०२५ च्या आरंभी इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला थेट उड्डाणे सुरू केली. मात्र त्यासाठीची बोइंग ७८७ विमाने नॉर्स या नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती आणि त्या करारात देखभालीची जबाबदारीही त्याच कंपनीकडे होती. मार्ग मुंबईचा असला, तरी तांत्रिक काम मुंबईचे होईलच असे नाही.

मिहान : उशिरा उघडलेले दार

नागपूरची मध्यवर्ती जागा पुन्हा आठवली, ती या शतकाच्या आरंभी. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि 'मिहान' प्रकल्प आकाराला येऊ लागला. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचे मोठे केंद्र हे त्याचे मूळ स्वप्न होते. ते कागदावर रंगवले होते तसे उतरले नाही. मात्र त्याच जमिनीवर हँगर आले.

त्याचे मूळ २००५ च्या अखेरच्या एका करारात आहे. एअर इंडियाने बोइंगकडून ६८ विमाने घेण्याचे ठरवले आणि त्याच्या मोबदल्यात बोइंगने भारतात देखभाल केंद्र उभारण्यासाठी सुमारे दहा कोटी डॉलर गुंतवण्याचे मान्य केले. मिहानमध्ये ५० एकर जागा निश्चित झाली. प्रत्यक्ष केंद्र सुरू व्हायला २०१५ साल उजाडले. मधल्या काळात खर्च, रचना, कामाचा ताबा कोणाकडे असावा यांवर चर्चा झाल्या आणि हँगरपासून धावपट्टीपर्यंत विमान नेण्याचा टॅक्सी-वेही बांधावा लागला. हँगर तयार पण तेथवर पोहोचण्याचा रस्ता नाही, ही अडचण सामान्य वाचकाला विचित्र वाटेल. पण विमान टेम्पोवर चढवून नेता येत नाही. धावपट्टी, टॅक्सी-वे आणि हँगर एकाच आराखड्यात नसतील, तर पैसा असूनही वर्षे वाया जातात.

या केंद्रात प्रत्येकी सुमारे शंभर मीटर लांब-रुंद असे दोन हँगर आहेत. बोइंग ७७७ आणि ७८७ यांसारखी मोठी विमाने त्यांत मावतात. मोठ्या इंजिनांसाठी परीक्षण कक्षही तेथे उभारण्यात आला. केंद्र चालवण्याचे काम 'एअर इंडिया इंजिनीअरिंग सर्व्हिसेस लिमिटेड' या कंपनीकडे आले. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे परत गेली, तेव्हा ही अभियांत्रिकी कंपनी तिच्याबरोबर गेली नाही. ती सरकारकडेच राहिली. परिणामी एकेकाळी एकाच छपराखाली असलेली विमाने आणि त्यांची देखभाल यांचे मालक वेगळे झाले. टाटांच्या एअर इंडियाने बंगळुरूत ३५ एकरांवर स्वतःचे देखभाल केंद्र उभारण्यास २०२४ मध्ये आरंभ केला.

मिहानमध्ये खासगी उद्योगही आला आहे. 'इंडामेर टेक्निक्स'चे ३० एकरांवरील केंद्र तेथे असून त्यात दहा हँगर आणि विमाने उभी करण्याच्या १५ जागा आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये ही कंपनी घेण्याचा करार अदानी समूहाने एका भागीदारासह जाहीर केला. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये याच समूहाने १९५१ मध्ये स्थापन झालेली 'एअर वर्क्स' ही जुनी देखभाल कंपनी घेण्याचा करार केला होता.

कर, जमीन आणि इंजिन

भारतात कुशल मनुष्यबळ स्वस्त असताना काम बाहेर का गेले? याचे एक मोठे उत्तर करात होते. ३१ मार्च २०२० पर्यंत देशात केलेल्या देखभाल-दुरुस्तीवर १८ टक्के जीएसटी होता, तर परदेशातून दुरुस्त होऊन आलेल्या भागांवरील भार त्याहून कमी पडे. १ एप्रिल २०२० पासून हा कर पाच टक्के करण्यात आला. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने नवे धोरण जाहीर केले. पूर्वी विमानतळ प्राधिकरणाची जमीन तीन ते पाच वर्षांसाठी मिळे. ती ३० वर्षांसाठी देण्याचे आणि उत्पन्नावरील स्वामित्व शुल्क रद्द करण्याचे त्यात ठरले. १५ जुलै २०२४ पासून आयात सुट्या भागांवर सरसकट पाच टक्के एकात्मिक जीएसटी लागू झाला. त्याआधी एकाच विमानाच्या निरनिराळ्या भागांना पाचपासून २८ टक्क्यांपर्यंत वेगवेगळे दर होते.

इंजिनाचा प्रश्न मात्र करापेक्षा खोल आहे. मुंबईच्या 'गो फर्स्ट' कंपनीने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. 'प्रॅट अँड व्हिटनी'ची इंजिने वेळेवर दुरुस्त किंवा बदलून मिळाली नाहीत आणि जवळपास निम्मी विमाने जमिनीवर राहिली, असे कंपनीचे म्हणणे होते. इंजिन कंपनीने हा आरोप मान्य केला नाही. दोष कोणाचाही असो, विमाने उभी होती, भाडे चालू होते आणि इंजिने भारताबाहेरच्या रांगेत होती, एवढे खरे. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी हैदराबादेत साफ्रां या फ्रेंच कंपनीच्या 'लीप' इंजिनांच्या देखभाल केंद्राचे उद्घाटन झाले, ते या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे ठरते. मात्र हे केंद्र महाराष्ट्रात आले नाही, हेही नोंदवावे लागेल. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. ही विमाने कोठेतरी दुरुस्त होणारच आहेत. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या शहरात होतील.

सोलापूरने काय मागावे?

सोलापुरात उद्या बोइंग ७७७ चा हँगर उभा राहील, असे म्हणणे दिशाभूल ठरेल. मोठ्या हँगरला मोठी धावपट्टी, मोकळी जमीन आणि वर्षभर पुरेल इतकी विमाने लागतात. होटगी रस्त्यावरील विमानतळाला शहराने वेढले आहे. बोरामणी येथील प्रस्तावित मोठा विमानतळ वनजमिनीच्या प्रश्नात रेंगाळला. तो पुढे सरकलाच, तर हँगर आणि टॅक्सी-वे यांची जागा पहिल्या आराखड्यातच राखावी, एवढा धडा मिहानने दिला आहे.

तोवर हाती घेण्याजोगी गोष्ट लहान आहे, पण ती खरी आहे. कंपनीचे एखादे विमान रात्री सोलापुरात मुक्कामाला थांबावे आणि सकाळी पहिले उड्डाण येथून निघावे. यासाठी रात्रीच्या उड्डाणाची सोय, विमान उभे करण्याची जागा, परवानाधारक अभियंत्याची नेमणूक आणि सुट्या भागांचे छोटे भांडार लागते. हा या व्यवसायाचा पहिला उंबरठा आहे. मार्ग मागणारी निवेदने पुष्कळ दिली गेली. मुक्काम मागणारे निवेदन त्याहून अधिक उपयोगाचे ठरेल.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. विमान देखभाल अभियंता होण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय हवेत, मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण हवे, डीजीसीएच्या परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि प्रत्यक्ष विमानावरील कामाचा अनुभव नोंदवावा लागतो. खासगी संस्थांचे शुल्क कष्टकरी कुटुंबांना जड जाते आणि अनुभवासाठी हँगर नसेल, तर परीक्षा देऊनही परवाना दूर राहतो. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का आणि प्रात्यक्षिक कोणत्या हँगरमध्ये होणार, हे दोन प्रश्न पालकांनी अवश्य विचारावेत.

परवान्याखेरीज तंत्रज्ञांचीही मोठी गरज असते. पत्राकाम, रंगकाम, विद्युतकाम, खुर्च्या व अंतर्गत सजावट ही कामे आयटीआय झालेल्या मुलामुलींना शिकता येतात. नागपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फ्रान्सच्या दासो कंपनीच्या सहकार्याने विमानाच्या सांगाड्याच्या जोडणीचा अभ्यासक्रम सुरू झाला, तो याच विचाराने. यंत्रमागाच्या सोलापुरात तुटलेला धागा क्षणात ओळखणाऱ्या नजरेची आणि बारीक हातकामाची परंपरा आहे. सांगाड्यावरची केसाएवढी चीर शोधायलाही तीच सवय कामी येते.

कुंभारीच्या वसाहतींतून आकाशात विमान दिसू लागले, ही सुरुवात झाली. त्या विमानाचा पान्हा ज्या दिवशी तेथील एखाद्या मुलीच्या हाती येईल, त्या दिवशी सोलापूरला विमान मिळाले असे म्हणता येईल.

ठळक टप्पे

१९३२ : जुहू येथे टाटांच्या हवाई टपाल सेवेचा आरंभ.
१९४९ : नागपूर येथे रात्रीच्या टपाल विमानांची अदलाबदल सुरू.
१९८५ : एमिरेट्सची स्थापना, पहिल्या मार्गांत मुंबईचा समावेश.
२००५ : एअर इंडियाचा ६८ बोइंग विमानांचा करार, देखभाल केंद्राचे आश्वासन.
२००७ : मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सेवा, जेटचे ब्रसेल्स केंद्र.
२००९-१० : एअर इंडियाचे फ्रँकफर्ट केंद्र सुरू आणि बंद.
२०१५ : मिहानमधील देखभाल केंद्र कार्यान्वित.
२०१९ : जेट एअरवेजची उड्डाणे थांबली.
२०२० : देखभाल-दुरुस्तीवरील जीएसटी १८ वरून ५ टक्के.
२०२२ : एअर इंडिया टाटांकडे, अभियांत्रिकी कंपनी सरकारकडे.
२०२५ : सोलापूरहून गोवा आणि मुंबई विमानसेवा सुरू.